पायडलावरून पाय का सटकतो?

या पानावर आम्ही शिष्यवृत्तीच्या अर्जांवर लिहिले, रेशनकार्डावर लिहिले, कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवरही लिहिले. आज सायकलच्या पायडलावर लिहायला बसलो आहोत. हा कसला विषय, असे कोणास वाटेल. आम्हालाही परवापर्यंत तसेच वाटले असते. परंतु आमच्या घरात याच पायडलापायी एका मुलीची दहावी अडचणीत आली होती, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुलै महिन्यातील गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "जयभीम दादा. पोरीला लागलंय. नडगी फुटली. पाच टाके पडले." पुतणी शाळेतून घरी येत होती. आमच्या गावापासून शाळा पाच किलोमीटर. त्यातील निम्मी वाट डांबरी, निम्मी पाणंद. पाणंद ओढ्याकडे उतरते तेथे पावसाने माती वाहून गेली आहे आणि डोक्याएवढाले दगड उघडे पडले आहेत. त्या उतारावर तिचा उजवा पाय पायडलावरून सटकला, पायडल गर्रकन फिरले आणि नडगीवर आदळले. ती पडली, ती हँडलावर. सुदैवाने दात वाचले. भाऊ म्हणाला, "दादा, आता बास. सायकल विकून टाकतो. पोरीची जात, उद्या पाय अधू झाला तर कोण बघणार?"

एस.टी. सकाळी एकच आणि तीही शाळेच्या वेळेला जुळत नाही. पायी जायचे तर जाऊन येऊन दहा किलोमीटर. म्हणजे सायकल गेली की शाळा गेली, हे न सांगताही आम्हास कळले. "पोरीची जात" हे शब्द तर आमच्या कानात रात्रभर घुमत राहिले. मुलगा पडला असता तर भावाने सायकल दुरुस्त केली असती. मुलगी पडली तर सायकल विकायची! आम्ही एवढेच म्हणालो, "रविवारी येतो. तोवर विकू नकोस."

रविवारी सकाळी आम्ही गावी पोचलो. सायकल तिची नव्हे, तिच्या मोठ्या भावाची. तो आता कामाला शहरात गेला. जाड टायरची, माउंटन बाईकसारखी दिसणारी, तालुक्याच्या बाजारात जुनी घेतलेली. पायडले काळ्या प्लॅस्टिकची. मुळात त्यांवर बारीक दाते असावेत, ते घासून पार गुळगुळीत झालेले. आम्ही ओला अंगठा फिरवून पाहिला, साबणाच्या वडीवरून फिरावा तसा फिरला. मग तिचा शाळेचा काळा बूट पाहिला. त्याचा तळ रबराचा नव्हेच, कडक प्लॅस्टिकचा. तोही झिजलेला. गुळगुळीतावर गुळगुळीत, वरून चिखल. एवढे पाहून आम्ही समजलो की कारण सापडले. परंतु ते अर्धेच कारण होते.

उरलेले अर्धे आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याच्या मुलाने दाखवले. हा मुलगा पुण्यात शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी टेकड्यांवर सायकल चालवतो. आम्ही त्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. त्याने उलट विचारले, "काका, ती सीटवर बसलेली असताना पायडल सगळ्यात खाली गेलं की पाय कसा दिसतो, त्याचा फोटो पाठवा." पायाचे टाके अजून ओले, म्हणून तिला चालवू न देता भावाने सायकल धरली आणि ती नुसती बसली. पायडल खाली गेले तेव्हा तिला तळवा पुरत नव्हता. फक्त बोटे टेकत होती, टाच हवेत. सीट मोठ्या भावाच्या मापाची होती आणि वर्षभरात ती खाली करावी असे घरात कोणालाच सुचले नव्हते. आम्हालाही नाही, आणि आम्ही दिवाळीला घरी येऊन ती सायकल स्वतः फिरवली होती!

आता येथे थोडे समजून घ्यावे लागेल. आम्ही बी.कॉम.चे विद्यार्थी, शास्त्राशी आमचा संबंध दहावीपर्यंतचाच. तरी गोष्ट सोपी आहे. पायडलावर पाय कशाने टिकतो? एक, वरून पडणाऱ्या वजनाने. दोन, बुटाचा तळ आणि पायडल यांच्या पकडीने. डांबरी रस्त्यावर सगळा भार सीटवर टाकून बसले तरी चालते, कारण सायकल उसळत नाही. खाचखळग्यात मात्र चाक दगडावर चढले की सायकल वर उसळते, लगेच खाली जाते, आणि ती खाली जाते त्या क्षणी पाय पायडलापासून सुटा होतो. डोळ्याला दिसणारही नाही एवढाच तो क्षण. परंतु तेवढ्यात बूट सरकतो. बोटे खाली आणि टाच वर असेल तर तो पुढे सरकून थेट पायडलाबाहेरच जातो. वजन सीटवर असल्याने पायडल दाबून धरायला पायात जोरच नसतो. पुतणीचे नेमके हेच झाले होते. "मोठे पप्पा, मी नीटच चालवत होते," असे ती पुनःपुन्हा सांगत होती आणि ते खरेच होते. तिची चूक नव्हती.

हाच प्रश्न दूर अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी काही तरुणांना पडला होता. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात ही मंडळी १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या मातीच्या वाटेने खाली सुटत. १९७६ साली त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या उताराला रिपॅक असे नाव पडले, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. ही मंडळी खास पोशाखात नसत. जीनची पँट आणि कामावरचे जाड बूट, एवढाच त्यांचा सरंजाम. आज बाजारात मिळणारी माउंटन बाईक तेथूनच वाढली.

पुढे त्यात दोन वाटा झाल्या. एक वाट बूट पायडलात अडकवून टाकण्याची. बुटाच्या तळाला लोखंडी तुकडा, तो पायडलात खटकन बसतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. जपानच्या शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी ही पद्धत १९९० साली आणली. दुसरी वाट सपाट पायडलाची. पायडल रुंद, मधे किंचित खोलगट आणि कडेने बारीक स्क्रूसारखे खिळे, ते बुटाच्या तळात रुततात. पाय केव्हाही उचलता येतो. अडकवलेला पाय चांगला की मोकळा, यावर त्या क्षेत्रात आजही वाद चालतात. परंतु ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २००७ साली स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम येथे डोंगरउताराचा जगज्जेता झाला तो सपाट पायडलांवर. पुढे २०१७, २०१८ आणि २०१९ अशी तीन वर्षे ओळीने त्याने एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज जिंकली, तीही सपाट पायडलांवरच. म्हणजे मोकळा पाय टिकत नाही, हे म्हणणे काही खरे नाही.

बुटांचेही तसेच. त्या मंडळींत जे बूट नावाजले त्यांचे रबर मुळात कडे चढणाऱ्यांसाठी तयार झाले होते. चार्ल्स कोल नावाच्या एका गिर्यारोहकाने १९८५ साली फाइव्ह टेन ही कंपनी काढली. तिचे रबर मऊ, चिकट, खडकाला धरून राहणारे. तेच पुढे सायकलच्या बुटाला आले. २०११ साली आदिदासने ती कंपनी विकत घेतली. या बुटांची किंमत आमच्या वाचकांच्या महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करील, तेव्हा ते घ्या असे आम्ही सांगणार नाही. सांगायचे ते एवढेच की त्यात जादू नाही. तळ सपाट, रबर मऊ, नक्षी उथळ. हे तीन गुण ज्या बुटात असतील तो बूट चालेल.

मग आम्ही बाजारपेठेत गेलो. तेथे बसस्थानकाबाहेर चप्पल-बूट दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर बसतात. आम्ही त्यांना विचारले, "बाबा, रबर चांगलं कसं ओळखायचं?" त्यांनी पुतणीचा काळा बूट घेतला आणि तळात अंगठ्याचे नख दाबले. खूण उमटली नाही. "हे पलाष्टिक," म्हणाले. मग मागच्या ढिगातून पांढरा कॅनव्हासचा बूट काढला. नख दाबले तशी खूण उमटली आणि हळूहळू भरून आली. "हे रबर. हे धरतंय." खिळा किंवा दाता रबरात थोडा रुततो, रबर त्याच्या भोवती दबते, म्हणून पकड येते. प्लॅस्टिकमध्ये तो रुततच नाही, नुसता वरून घसरतो. हे ज्ञान त्या बाबांना कोणत्याही कंपनीने शिकवलेले नाही.

त्यांच्याकडून आणखीही काही गोष्टी कळल्या. जुन्या टायरच्या तळाची चप्पल टिकाऊ खरी, पण तिचे रबर कडक असते आणि मागे पट्टा नसला तर टाच उचलते. खाचखळग्यात मागून उघडी चप्पल नकोच. धावण्याच्या बुटाला जाड फोमचा तळ असतो. तो दाबला जातो, पायडल कोठे आहे हे पायाला नीट कळत नाही. खोल खाचांचे, खेळाच्या मैदानावरचे बूट तर आणखी वाईट. त्या उंचवट्यांमध्ये पायडलाचे दाते अडकतात किंवा दोन उंचवट्यांवरच पाय तोलून राहतो, आणि काळ्या मातीचा चिखल खाचांत भरला की तळ पुन्हा गुळगुळीत. उलट, सायकल ढकलत ओढा ओलांडायचा असेल तेव्हा थोडी नक्षी लागतेच. अगदी सपाट तळाने माणूस चिखलात आडवा होईल. त्यामुळे उथळ नक्षी. कॅनव्हासच्या बुटाचा एक दोष म्हणजे तळ पातळ असतो, लांब अंतरावर पायडलाचे दाते तळव्याला टोचतात. बाबांनी आत जाड पुठ्ठ्यासारखा सुकतळा कापून घातला. तक्रार मिटली.

शाळेत काळा बूट सक्तीचा. ती अडचण पुतणीनेच सोडवली. काळे बूट दप्तराशेजारी पिशवीत, शाळेच्या फाटकाशी बदलायचे. आम्ही मुख्याध्यापकांना निवेदन द्यायच्या तयारीत होतो!

पायडलाच्या बाबतीत मात्र आमची एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. सहकाऱ्याच्या मुलाने त्याची जुनी लोखंडी खिळ्यांची पायडले पाठवली होती. पकड अशी की बूट ठेवला की जागचा हलू नये. आम्ही खूष झालो. टाके निघाल्यावर चौथ्याच दिवशी वहिनींनी फोन केला: सायकल ढकलताना खिळा पोटरीला लागून सलवार फाटली आणि चार इंच ओरखडा उठला. शिवाय नव्या कॅनव्हासच्या तळाचे तुकडे निघू लागले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही पायडलं आहेत का खवणी?" त्यांचे खरे होते. जे लोक असली पायडले वापरतात ते नडगीला जाड पट्टी बांधतात आणि बूटही तसाच मजबूत घालतात. रोज शाळेला जाणाऱ्या मुलीला ते सोयीचे नाही. मग आम्ही नायलॉनची रुंद पायडले घेतली. त्यांवर खिळे नसतात, साच्यातच ओतलेले बोथट दाते असतात. धातूच्या खिळ्यांइतकी ती धरत नाहीत, पण मऊ रबराला पुरेशी धरतात आणि नडगीवर बसली तर कापत नाहीत. जुन्या काळ्या सायकलींना रबरी ठोकळ्यांची पायडले असतात, तीही ठोकळे नवे असेपर्यंत ठीक. झिजली की ओल्यात सटकतात, तेव्हा वेळीच बदलावीत.

बदलणे अवघड नाही, पण एक खुबी आहे आणि ती माहीत नसल्याने अनेकांनी क्रँकचे आटे खराब केले आहेत. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. उजवे नेहमीच्या नटासारखे बसते, डावे उलट दिशेने. लक्षात ठेवायला सोपे म्हणजे, दोन्ही बाजूंना पाना सायकलच्या पुढच्या चाकाकडे फिरवला की आवळते, मागच्या चाकाकडे फिरवला की सुटते. पाना बहुतेक पंधरा नंबरचा लागतो. आट्यांना थोडे ग्रीस लावून आधी हाताने फिरवावे. हाताने जात नसेल तर जोर करू नये, आटे तिरके बसले असतील. जुने पायडल दुकानात बरोबर न्यावे म्हणजे मापाचा घोटाळा होत नाही.

सीट आम्ही दोन इंच खाली केली. माप असे: सीटवर बसून टाच पायडलावर ठेवावी, पायडल सगळ्यात खाली असावे, गुडघा सरळ व्हावा. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा थोडा वाकतो. पाणंदीसाठी त्याहून बोटभर आणखी खाली असली तरी हरकत नाही.

राहिला पाय ठेवण्याचा प्रकार. हे शिकवायला आम्ही चव्वेचाळीस वर्षांचे कारकून ग्रामपंचायतीपुढच्या मोकळ्या जागेत सायकलवर चढलो आणि पोरांची चांगली करमणूक झाली. असो. डांबरी रस्त्यावर चवडा पायडलाच्या मधोमध असतो. खडबडीत वाटेवर पाय थोडा पुढे सरकवावा, म्हणजे पायडलाची दांडी चवड्याच्या जरा मागे, तळव्याच्या खोलगट भागाकडे येते. पोटरीवर ताण कमी पडतो आणि पाय हलत नाही. उतार आला की पायडल मारणे थांबवून दोन्ही पायडले एका पातळीत आणावीत, एक पुढे, एक मागे. एक खाली ठेवले तर ते दगडाला अडकते. मग बूड सीटवरून अलगद उचलावे, गुडघे आणि कोपरे सैल, आणि टाचा खाली. टाच पायडलाच्या खाली गेली की दगडाचा धक्का पायाला पायडलावरच दाबतो, बाहेर लोटत नाही. सगळ्यांत महत्त्वाचे हेच, आणि याला पैसाही लागत नाही. चढावर पायडल मारताना पाय नुसता खाली न दाबता, तळाशी आला की मागे ओढावा, बुटाचा चिखल उंबऱ्याला पुसतो तसा.

पुतणीने पहिले दोन दिवस उभे राहायचे नाव काढले नाही. भीती होती. मग आम्ही मोकळ्या जागेत एक जुनी दोरी आडवी टाकली, तिच्यावरून उभे राहून जायचे. दोरीनंतर लाकडी फळी. फळीनंतर दोन विटा. चौथ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "आता दगड ठेवा."

काही किरकोळ सूचना. बुटाची नाडी आत खोचावी, विशेषतः उजवी, कारण चेन त्या बाजूला. ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारावी, सलवारीच्या उजव्या पायाला रबर लावावे. चिखलातून चालत सायकल आणली असेल तर चढण्यापूर्वी बूट दगडावर आपटून तळ साफ करावा आणि पायडलातील माती काडीने काढावी. काळी माती एकदा भरली की चांगले पायडलही निरुपयोगी. आणि पडून जखम झालीच तर हळद-चुना भरत बसू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन दवाखाना गाठावा. मातीतल्या जखमेला धनुर्वाताचा धोका असतो, इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारावे.

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा गावी गेलो. भाऊ काही बोलला नाही, पण सीटचा नट आवळायला त्याने स्वतःच पाना काढला होता. दुपारी आम्ही तिघे ओढ्यापर्यंत चालत गेलो, पुतणी सायकल घेऊन पुढे. उताराच्या तोंडाशी ती थांबली. बूट दोनदा दगडावर आपटले. मागे वळून न पाहता पायडले आडवी केली, उभी राहिली आणि सुटली. सायकल तीन ठिकाणी उसळली. आम्ही तिच्या हातांकडे नव्हे, टाचांकडे पाहत होतो. पलीकडे पोचल्यावर तिने ओरडून विचारले, "मोठे पप्पा, खाली होत्या ना?"

होत्या.